वर्गात गप्प बसणारी मुलं कशानं बोलती झाली? अनुभव सांगा

आईपण

गेल्या शनिवारी लेकाच्या शाळेत पालकसभा होती. तिसरीत आहे. बाई म्हणाल्या, "अगदी शांत आहे हो, काही त्रास नाही." शेजारच्या आयांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. घरी हा मुलगा आंघोळ करतानाही बोलत असतो! रिक्षात विचारलं, वर्गात का रे बोलत नाहीस? तर म्हणे, "बाईंना उत्तर येतच असतं ना, मग विचारतात कशाला?" मला काही सुचलं नाही. तुम्ही शिकवत असाल किंवा लहानपणी असेच गप्प असाल तर लिहा. फसलेले प्रयोगही चालतील, खरं तर तेच आधी लिहा.

बीडचा मास्तर

मग फसलेल्यापासूनच सुरू करतो. नोकरी लागली ती थेट सिंधुदुर्गात, किनाऱ्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत. समुद्र तोवर फक्त चित्रात पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात एका पोराला विचारलं, वडील काय करतात? "बापूस रापणीक गेलो." मी म्हणालो, "असं नाही. 'माझे वडील मासेमारीला गेले आहेत' असं म्हण." म्हणाला, खाली बसला. दिवाळीपर्यंत हजेरीपलीकडे त्याचं तोंड उघडलं नाही, आणि त्याचं बघून अर्धा वर्ग मिटला.

दिवाळीनंतर परिसर अभ्यासाच्या तासाला मी विचारलं, "रापण म्हणजे नक्की काय रे?" मागून आवाज आला, "गुरुजी, तुमका रापण म्हायत नाय?" टिंगल नव्हती, खरोखरचं आश्चर्य होतं. तोच पोरगा फळ्यापाशी आला. खडूनं किनाऱ्याची रेघ मारली. होडी जाळं सोडत अर्धगोल कशी फिरते, दोराची दोन्ही टोकं वाळूवर कशी येतात, दोन्हीकडून माणसं कशी ओढतात, सगळं काढून दाखवलं. मी म्हटलं, "मधल्या मधे मासा पळत नाही का?" त्यावर तिघांत भांडणच लागलं, मालवणीत. घंटा झाली, ती मी ऐकलीच नाही असं दाखवलं. त्यातली पाच वाक्यं दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून पुस्तकी मराठीत लिहिली. ताई, तुमचा लेक बरोबर बोलतोय.

खडूफळा

ठाण्यात नववीला विज्ञान शिकवते. रोज तेच पाच हात वर. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यात टाकली, जिची काडी निघेल तिनं उत्तर द्यायचं. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी रडली. डबा कपाटात गेला.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम बी.एड.ला शिकले होते. १९७४ मध्ये त्यांनी मांडलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. ३ सेकंद किती लांब असतात ते वर्गासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही! मी पाठीमागे धरलेल्या डस्टरवर बोटं मोजते. शिवाय आधी मिनिटभर शेजारणीशी बोलू देते आणि मग विचारते, "तुझी शेजारीण काय म्हणाली?" चुकलं तर शेजारणीचं, त्यामुळे जीभ सुटते.

मेथीची भाजी

मी तोतरा. अजूनही आहे. पाचवीत हजेरी म्हणजे रोजची फाशी, कारण माझा 'ह' अडायचा आणि 'हजर' म्हणायलाच लागायचं. माझ्या नंबराच्या दहा नंबर आधीपासून तळहाताला घाम. एके दिवशी सरांनी जाहीर केलं, उद्यापासून 'हजर' नको, डब्यात काय आणलंय ते सांगायचं. वर्ग खूश. 'म' मला अडत नाही, म्हणून वर्षभर मी 'मेथी' सांगितलं. उन्हाळ्यातसुद्धा! सर मान न वर करता टिक करायचे. ते माझ्यासाठी केलं होतं की सहज, हे कधी विचारलं नाही.

रविवारची शाळा

न्यू जर्सीत हौशीनं मराठी वर्ग घेते. इथं उलटं आहे. अमेरिकन शाळेत धडाधडा बोलणारी मुलं आमच्याकडे मुकी होतात. एकदा कुणी 'ती दगड' म्हणालं, बाकीचे हसले आणि संपलं. आता पहिली दहा मिनिटं लिंग-वचन सुधारायला मलाच बंदी. मोडते कधीकधी.

मागचा बाक

थोडं वेगळं लिहितो. मी गप्प होतो आणि मजेत होतो. ऐकत होतो. 'बोल ना, बोल ना' करणाऱ्या बाईंचा तास मला नकोसा व्हायचा. भूगोलाचे सर मात्र तास संपताना चिठ्ठ्या गोळा करायचे, आज काय कळलं नाही ते लिहायचं. माझ्या चिठ्ठ्या सगळ्यात लांब असत.

आठवी ब

सगळं वाचलं, छान आहे. पण आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, माझ्या वर्गात ६२ आहेत. फेब्रुवारीपर्यंत अभ्यासक्रम संपवायचा. कुणाकुणाला बोलतं करू?

खडूफळा

सगळ्यांना नका करू. एका तासाला एकच प्रश्न, तोही मागच्या दोन रांगांना, पुढच्यांनी हात खाली. माझ्याकडे ५८ आहेत.

आठवी ब

सोमवारी करून बघते. ३ सेकंद मनात मोजायचे की बोटांवर?