रविवारी ११ विजय, तरी जगज्जेतेपद नाही: मोटोजीपीचा हा हिशेब कसा लावायचा?

डेक्कन_दर्शक यांचा प्रश्न:

नमस्कार. प्रश्न थोडा लांबला आहे, पण नीट मांडल्याखेरीज नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२८ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी भाचा आमच्याकडे मुक्कामाला होता. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेतली जपानची शर्यत आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेदहाला सुरू होत असल्यामुळे मिसळ आणि मोटोजीपी अशी दोन्ही कामे एका बैठकीत उरकता येतात. मोतेगी ट्रॅकवरची ती शर्यत जिंकली पेक्को बान्यायाने, पण दुसऱ्या आलेल्या मार्क मार्केझचे जगज्जेतेपद पाच ग्रां प्री, म्हणजे शनिवार-रविवारच्या शर्यतींचे पाच मुक्काम, शिल्लक असतानाच नक्की झाले. तर्री ओतून घेता घेता भाचा सहज म्हणाला, की मार्केझच्या या हंगामात रविवारच्या ११ शर्यती जिंकून झाल्या आहेत आणि २०२४ च्या हंगामात बान्यायानेही बरोबर ११च जिंकल्या होत्या, फक्त तो जगज्जेता झाला नाही. त्या वर्षी होर्हे मार्टिनने रविवारी अवघ्या तीन शर्यती जिंकल्या आणि ५०८ विरुद्ध ४९८ अशा दहा गुणांच्या फरकाने विजेतेपद नेले.

मिसळ पचली, हे अजून पचलेले नाही. २० पैकी ११ शर्यती जिंकणारा हरतो आणि तीन जिंकणारा जिंकतो, यात स्वाराचे कर्तृत्व किती आणि गुणपद्धतीची करामत किती, हे मला समजून घ्यायचे आहे. भाच्याचे उत्तर एका ओळीचे आहे: "मामा, शनिवारी संध्याकाळी तू मंडईत असतोस, म्हणून तुला अर्धाच हंगाम दिसतो." शनिवारच्या स्प्रिंटमुळेच, म्हणजे छोट्या शर्यतीमुळेच, हे घडले, असे त्याचे म्हणणे दिसते. ते खरे आहे का, आणि खरे असेल तर ते न्याय्य आहे का?

वहीवाला यांचे उत्तर:

आपल्या भाच्याचे म्हणणे खरे आहे, पण ते निम्मेच उत्तर आहे.

मी प्रत्येक हंगामाला एक दोनशे पानी वही घालतो. डाव्या पानावर शनिवार, उजव्या पानावर रविवार, आणि ज्याला एकही गुण मिळाला नाही त्याच्या नावापुढे लाल शाईचे शून्य. घरातले हसतात, पण असे प्रश्न आले की वहीच कामाला येते.

आधी गुणांची रीत पाहू. रविवारच्या मुख्य शर्यतीत पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३ असे करत पंधराव्यापर्यंत गुण मिळतात. २०२३ पासून शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंट होते, तिथे पहिल्याला १२, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ७ आणि नवव्याला १ गुण मिळतो. आता २०२४ ची बेरीज. रविवारचे गुण: बान्याया ३७०, मार्टिन ३३७. शनिवारचे गुण: मार्टिन १७१, बान्याया १२८. म्हणजे रविवारी बान्याया ३३ गुणांनी पुढे होता, शनिवारी मार्टिन ४३ गुणांनी पुढे होता आणि उरलेल्या दहा गुणांनी जगज्जेता ठरला. इथपर्यंत भाचा बरोबर.

मात्र स्प्रिंट दोघांनीही सात-सातच जिंकल्या होत्या. मग ४३ गुणांचे अंतर आले कुठून? ते आले लाल शाईतून. बान्यायाच्या नावापुढे वर्षभरात आठ शून्ये आहेत, ती या ट्रॅकांवरची: रविवारी पोर्तिमाव, आरागॉन आणि मिसानो (तिथे त्या वर्षी दोनदा शर्यत झाली, त्यातली दुसरी), तर शनिवारी हेरेथ, ल मान्स, बार्सिलोना, सिल्व्हरस्टोन आणि सेपांग. मार्टिनच्या नावापुढे चारच: रविवारी हेरेथ आणि साक्सनरिंग, शनिवारी मुजेलो आणि मांदालिका.

विजेता आणि दुसरा यांत रविवारी फक्त पाच गुणांचे अंतर असते, आणि मार्टिन त्या वर्षी रविवारी दहा वेळा दुसरा आला. बान्याया जिंकला आणि मार्टिन दुसरा आला, तर बान्याया पाच पावले पुढे सरकतो. याउलट आरागॉनला आणि मिसानोच्या दुसऱ्या शर्यतीत बान्याया बाहेर पडला तेव्हा मार्टिन दुसराच होता, म्हणजे दर वेळी वीस गुण गेले. चार विजयांनी कमावलेली आघाडी एका घसरण्यात जाते, असा तो सरळ हिशेब आहे. आपण विजय मोजता आहात, तक्ता मात्र शून्ये मोजतो.

२०२५ च्या मार्केझशी तुलना केली तर फरक आणखी उघडा पडतो. रविवारचे विजय तितकेच, ११. पण शनिवारचे विजय १४, म्हणजे केवळ जिंकलेल्या स्प्रिंटमधून १६८ गुण. म्हणूनच मांदालिकाला बेझेकी या दुसऱ्या स्वाराशी टक्कर होऊन खांदा दुखावल्यावर पुढच्या चार ग्रां प्री त्याला मुकाव्या लागल्या, तरी हंगामाअखेर तो ५४५ गुणांवर होता आणि दुसरा आलेला त्याचा धाकटा भाऊ आलेक्स ४६७ वर.

पर्वतीचा_पायथा यांचे उत्तर:

वहीवाल्यांची बेरीज चोख आहे आणि तीच माझ्या बाजूने बोलते. रविवारपुरते पाहिले तर बान्याया ३३ गुणांनी जगज्जेता होता. निम्म्या अंतराच्या, जिथे टायर जपावा लागत नाही अशा शर्यतीने पूर्ण अंतराच्या शर्यतीचा निकाल फिरवला, हे मला तरी मान्य होण्यासारखे नाही. सवाई गंधर्व महोत्सवात अर्ध्या तासाची हजेरी आणि अडीच तासांची मैफल यांना एकाच तराजूत कुणी तोलत नाही.

तरीही जास्त जिंकणारा हरतो ही तक्रार स्प्रिंटच्या खात्यावर टाकता येणार नाही, कारण स्प्रिंट नव्हती तेव्हाही हे झालेले आहे. २००६ मध्ये निकी हेडनने दोन शर्यती जिंकल्या होत्या आणि व्हॅलेंटिनो रॉसीने पाच, पण जगज्जेता हेडन झाला, २५२ विरुद्ध २४७ ने. शेवटून दुसऱ्या शर्यतीत, एस्तोरिलला, हेडनला त्याच्याच संघातल्या दानी पेद्रोसाने धडक देऊन पाडले होते, त्यामुळे आता रॉसीच, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. शेवटच्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला, रॉसी पोलवरून (सर्वांत पुढच्या जागेवरून) सुटला आणि पाचव्याच लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या पाचव्या फेरीत, पडला. त्याने गाडी उचलली, पुन्हा सुरू केली आणि तो तेरावा आला. हेडन तिसरा आला. हेल्मेटच्या आत रडणारा हेडन त्या दिवशी सगळ्यांनी पाहिला.

पण मला आजही छळते ती एस्तोरिलची शर्यत, कारण तिथे टोनी एलियासने रॉसीला अंतिम रेषेवर ०.००२ सेकंदाने मागे टाकले होते. त्या अंतरात रॉसीचे पाच गुण गेले. ते मिळाले असते तर दोघेही २५२ वर आले असते, आणि बरोबरी झाली की ज्याचे विजय जास्त तो वरचढ ठरतो. दर्शकसाहेब, विजयांना तक्त्यात वेगळी किंमत मिळते ती एवढ्या एका ठिकाणी.

२०२० चा जोआन मीर तर एकच शर्यत जिंकून जगज्जेता झाला. १४ ग्रां प्रींचा हंगाम, त्याचे गुण १७१, आणि तीन शर्यती जिंकणारा फ्रँको मॉर्बिडेली १५८ वर. अर्थात त्या वर्षी मार्केझ हेरेथला दंडाचे हाड मोडून घेऊन हंगामाच्या पहिल्याच ग्रां प्रीत बाहेर गेला होता, ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

चाकण_दुसरी_पाळी यांचे उत्तर:

काका, आपल्याबद्दल आदर ठेवून एक आक्षेप नोंदवतो. शनिवारचे गुण खोडून रविवारचे तेवढे ठेवायचे, ही वजाबाकी कागदावर होते, ट्रॅकवर होत नाही. स्वार दोन्ही दिवसांचे गुण डोक्यात ठेवून गाडी चालवत असतो. २०२४ ची शेवटची ग्रां प्री आठवून पाहा. व्हॅलेन्सियातल्या पुरामुळे ती बार्सिलोनाला हलवली होती. मार्टिन तिथे २४ गुणांची आघाडी घेऊन आला. शनिवारी बान्याया पहिला आणि मार्टिन तिसरा, आघाडी १९. आता रविवारी बान्याया जिंकला तरी मार्टिनला नववा क्रमांक पुरेसा होता. असा माणूस मार्केझशी झुंज घेत वळणात गाडी कशाला खुपसेल? तो तिसरा आला, आघाडी १० वर थांबली आणि काम झाले. वहीतल्या त्या ३३७ मध्ये असे जपून चालवलेले गुणही आहेत. स्प्रिंट नसती तर तो त्या रविवारी वेगळाच चालवला असता, आणि कदाचित पडलाही असता.

आता पडण्याविषयी थोडे, कारण इथे सर्वांनी शून्ये मोजली, पण ती येतात कशी हे कुणी लिहिले नाही. मी चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात आहे आणि रोजचा संबंध ब्रेकशी येतो, म्हणून हा विषय जवळचा.

ही गाडी वळणात साठ अंशांहून जास्त कलते. तेवढ्या कलात पुढच्या टायरचा तळहाताएवढा भागही रस्त्याला लागत नसतो. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवले की समोरच्या गाडीची गरम हवा अंगावर येते, पुढचा टायर तापतो, आतला दाब चढतो आणि टायर फुगून त्याची पकड कमी होते. ब्रेक थोडा उशिरा धरला की पुढचे चाक दुमडते आणि स्वार खाली जातो. पावसात सिंहगड रस्त्यावर उतरताना जे होते, तेच इथे कोरड्या डांबरावर होते. मग दाब आधीच कमी ठेवावा म्हटले, तर नियम आडवा येतो: पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार (बार हे दाबाचे एकक) दाब हवा आणि तो मुख्य शर्यतीच्या ६० टक्के लॅपमध्ये टिकायला हवा. मोडला तर रविवारी १६ सेकंदांची शिक्षा, शनिवारी ८ सेकंदांची.

यामुळे दिसणारी दोन दृश्ये सांगतो. २०२५ च्या पहिल्याच शर्यतीत, थायलंडला, मार्केझ पुढे असताना मुद्दाम हळू झाला आणि त्याने आलेक्सला पुढे जाऊ दिले. आमच्या खोलीत सगळे ओरडले, की गाडी बिघडली. तो मात्र भावाच्या गरम हवेत बसून टायरचा दाब वाढवत होता. हिशेब पुरा झाल्यावर शेवटी त्याने भावाला मागे टाकले आणि शर्यत जिंकली. दुसरे दृश्य आमच्या जखमेवरचे मीठ आहे. त्याच वर्षी कतारला माव्हेरिक विन्यालेसने केटीएमवर दुसरा क्रमांक मिळवला. केटीएमच्या छोट्या ड्यूक गाड्या चाकणलाच बनत असल्यामुळे त्यांच्या नारिंगी रंगावर इथे सगळ्यांचाच थोडा जीव आहे, त्यामुळे चहा-भजी मागवून झाली होती. भजी येईपर्यंत टायरच्या दाबाची शिक्षा लागली, तो चौदावा झाला आणि २० गुणांचे २ उरले. भजी कुणी खाल्ली नाहीत, असे म्हणणार नाही.

बान्यायाकडे परत येतो. २०२४ ला मे महिन्यात बार्सिलोनाच्या स्प्रिंटमध्ये तो शेवटच्या लॅपला पहिला होता. पाचव्या वळणात पुढचे चाक गेले. बारा गुण होते ते, आणि हंगामाचा निकाल लागला दहा गुणांनी.

वहीवाला यांचे उत्तर:

त्या बारा गुणांवर सगळे खापर फोडू नये, एवढेच सुचवतो. मार्टिनही साक्सनरिंगला शेवटून दुसऱ्या लॅपमध्ये, पहिला असताना, पहिल्याच वळणात पडला होता. त्याचे २५ गेले आणि बान्यायाला २० ऐवजी २५ मिळाले, म्हणजे तीस गुणांचा फेर. शिवाय मिसानोच्या पहिल्या शर्यतीत थोडे शिंतोडे पडताच तो पावसाळी टायरची गाडी घ्यायला पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या संघाच्या जागेत) गेला, पाऊस थांबला आणि तो पंधरावा आला. वहीत तिथे एकच गुण लिहिलेला आहे. जर-तरची बेरीज करायची तर दोघांची करावी.

पर्वतीचा_पायथा यांचे उत्तर:

चाकणकरांचा आक्षेप मान्य. ३३ गुणांचा माझा दावा मी जरा सौम्य करतो. स्प्रिंटविषयीचे मत मात्र बदललेले नाही.

डेक्कन_दर्शक यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. माझी चूक आता मला दिसते आहे: मी ११ आणि ३ हे आकडे समोरासमोर ठेवत होतो, प्रत्यक्षात ठेवायला हवे होते लाल शून्यांचे ८ आणि ४. मार्टिनचे दहा दुसरे क्रमांक मी तर "हरला" या सदरातच टाकले होते. न्याय्य-अन्याय्याबद्दल माझे मन अजून पर्वतीच्या बाजूला झुकते, पण आता निदान कारण सांगता येईल.

वहीवाल्यांचा संदेश जसाच्या तसा भाच्याला पाठवला. दहा मिनिटांनी त्याचे उत्तर आले: "युरोपातली स्प्रिंट आपल्याकडे साडेसहाला असते. मंडई सकाळी उरकत जा."

अमेरिकेतल्या ऑस्टिनची रविवारची शर्यत आपल्याकडे रात्री साडेबाराला, म्हणजे सोमवार उजाडल्यावर सुरू होते, ही गोष्ट त्याने त्याच्या आईला अजून सांगितलेली नाही. ते काम माझ्यावर आले आहे.