साग चालेल, पण खांब गाडू नका

वाटेवर बसायला शेड बांधायची तर खांब सागाचे घ्यावेत का, असा इथे प्रश्न आहे. "साग आहे म्हणजे वाळवी लागत नाही" हे त्यावर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच खरं. वाळवीपुढे टिकतो तो आतला तपकिरी गाभा, बाहेरचा पांढरट थर ती आरामात खाते, आणि कोवळ्या सागाच्या बल्लीत (गोल सरळ खोडात) तो थरच जास्त असतो. खांब काँक्रीटमध्ये गाडायचं तर अजिबात नको, लाकूड सुकून आकसलं की फट पडते, तिच्यात पाणी उतरतं आणि खांब नेमका जमिनीलगत सडतो. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला एका वाटेवरच्या शेडचा खांब वरून ठणठणीत दिसायचा, बुडाशी पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. त्यापेक्षा दगडी जोतं, त्यावर लोखंडी बूट (खांबाचं बूड धरून ठेवणारा) आणि खांब जमिनीपासून वीतभर वर. मग वाळवीला चढायला मातीची नळी बांधावी लागते, ती दिसते तरी, वेळेवर औषध मारता येतं.

आणि शेडच्या दिशेचं कुणी बोललंच नाही अजून. जळगाव जिल्ह्यातल्या पाल-यावल पट्ट्यात पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो, मे मधलं दुपारचं ऊनही पश्चिमेचंच, म्हणून ती एक बाजू बांबूच्या तट्ट्याने बंद करा, बाकी मोकळं ठेवा. नुसता पत्रा नको राव, ४५ डिग्रीत त्याखाली बसण्यापेक्षा चिंचेखाली बसलेलं बरं. कौलं माकडं उचकटतात हे मान्य, तर पत्र्याखाली बांबूची चटई ठोका, मधे हवा खेळायला जागा सोडून, आणि पाखं खांबांच्या बाहेर चांगली दोन-अडीच फूट काढा.