रंग उडाला, पाण्याचं काय?
कापड रंगवण्याचं सांडपाणी स्वच्छ करायला धुळे-जळगावच्या उन्हात कार्बन नॅनोफायबरवरचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म तंतूंवर बसवलेला) फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने रंग तोडणारा उत्प्रेरक, सहज चालेल, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. उन्हात अतिनील किरण जेमतेम ४-५ टक्के, त्यामुळे दृश्य प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक हवाच. शिवाय तंतूवर बसवलेला असला की भुकटीसारखा गाळत बसावं लागत नाही, हेही खरं.

पण मिठाचं कोणीच बोललं नाही! सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग चढवताना भरपूर मीठ लागतं. प्रयोगशाळेत बहुधा शुद्ध पाण्यात मिथिलीन ब्लू हा चाचणीचा निळा रंग घेतात. खऱ्या सांडपाण्यात मिठातून आलेलं क्लोराइड हायड्रॉक्सिल रॅडिकल (उत्प्रेरकावर तयार होणारे, रंग तोडणारे अतिक्रियाशील कण) गिळतं आणि वेग मंदावतो. शिवाय अ‍ॅझो (नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेले) रंग तुटून पाणी नितळ दिसलं तरी त्यात घातक अ‍ॅरोमॅटिक अमाइन उरू शकतात. पांझरा नदीत सोडण्याआधी सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण ऑक्सिडाइझ करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) मोजायलाच हवा.