लाकूडगाडी वळणावर पडते, आणि बॉयलर वाकडा आहे

चादर_जॉबर, सोलापूर
पस्तीस वर्षं मागावर काढली, आता गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सहा बाय चारच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचे रूळ मांडलेत. नमुना अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधली कॅसची लाइन. १९०१ मध्ये डोंगरातलं स्प्रूस झाडाचं लाकूड खाली आणायला घातलेली, आता पर्यटकांना फिरवते. लेकीनं तिकडून १:८७ चं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, शे इंजिन आणून दिलं.

अडचण अशी: ओंडके म्हणून मोहोळच्या पाव्हण्यांकडच्या तुराट्या घेतल्या. दोन सुट्या बोगींवर, म्हणजे नुसत्या चाकांच्या सांगाड्यांवर, आडव्या ठेवून फेविकॉलनं पक्क्या केल्या. सरळ रुळावर झकास. अठरा इंची वळणावर मात्र शेवटची गाडी आतल्या बाजूला लोळते, दर खेपेला.

दुसरं, इंजिनाचा बॉयलर मधोमध नाही, डावीकडं सरकलाय. लेक म्हणते, खराब माल आलाय, परत पाठवू.

जुना_फिटर
अजिबात पाठवू नका ओ! शे असंच असतं. तिन्ही सिलिंडर उजव्या अंगाला, उभे. त्यांचा दांडा गिअरमधून सगळी चाकं फिरवतो. एका बाजूला एवढं वजन, म्हणून तोल राखायला बॉयलर दुसरीकडं. मिशिगनच्या एफ्रेम शे यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलं. पळत नाही, पण चढते. कॅसला १०० फुटांना ११ फुटांपर्यंत चढ आहे.

गाडी फेविकॉलमुळं पडते. खऱ्या बोगीवर ओंडका ठेवायची आडवी पट्टी मधल्या खिळ्यावर फिरते. तुम्ही ती चिकटवून टाकली, मग बोगी वळणार कशी? पट्टीच्या मधोमध टाचणी घाला, तुराटी पट्टीलाच चिकटवा. शिवाय तुराटी आतून भेंडाची, हलकी. भेंड कोरून शिशाचे बारीक तुकडे भरा.

कुर्डुवाडीकर
घरात बार्शी लाइट रेल्वे असताना अमेरिका कशाला? १८९७ ची, रुळांमधलं अंतर अडीच फूट होतं. १:८७ मध्ये ९ मिलिमीटरच्या रुळावर बरोबर बसते.

चादर_जॉबर
बार्शी लाइटनं पंढरपूरला गेलोय ओ, माया आहेच. पण तिथं वारकरी आणि शेतमाल, जंगल कुठाय? आणि माझे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, स्टँडर्ड गेजचे. कॅस स्टँडर्ड गेजचीच.

दक्षिण_जंगल
भारतीय जंगल हवं असेल तर कोचीन संस्थानची परंबिकुलम ते चालकुडी ट्रामवे बघा. सागवान उतरवायची, १९६३ ला बंद. पण ती मीटर गेज, तुमचे रूळ चालणार नाहीत. मग कॅसच करा, फक्त एक झिगझॅग घाला, म्हणजे गाडी एका पट्टीवर चढते, थांबते आणि उलट दिशेनं दुसऱ्या पट्टीवर चढते. बोरघाटात १९२९ पर्यंत गाडी अशीच उलट दिशेनं न्यायचे. सव्वा-सव्वा मीटरच्या दोन पट्ट्या मिळाल्या तर ३ टक्के चढानं साडेसात सेंटिमीटर चढता येईल.

चादर_जॉबर
टाचण्या घातल्या, शिसं भरलं. काल रात्री पाच गाड्या, वीस फेऱ्या, एकही पडली नाही. एक फेरी मंडळींनी चालवली, पुढची दोनदा मागितली.

झिगझॅगला पट्टी कापतोय. पण दुपारी खोलीत हात लावला तर रूळ चटका देतात. मे महिन्यात सांध्यात किती फट ठेवता तुम्ही लोक?

जुना_फिटर
पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, दर तीन फुटांवर. आणि रूळ घालायचं काम दुपारीच करा, तापलेला असताना.