मदत हवी आहे: मोनोप्रिंटमध्ये खंड्याचा निळा थर बसत नाही

निळावंती
नमस्कार. पक्ष्यांची मोनोप्रिंट (प्लेटवर शाईने चित्र करून कागदावर एकच प्रिंट घ्यायची) मालिका करतेय, खंड्यापाशी अडलेय. पिवळा आणि नारिंगी थर छान उतरतात. वर निळा दिला की तो तुटक तुटक बसतो, मध्येच खालचा नारिंगी उघडा पडतो. शिवाय पाठीची कड सरकते आणि चोच दुहेरी दिसते. निळी शाई पातळ करून पाहिली, घट्ट करून पाहिली, दाब वाढवला. काही फरक नाही. प्रिंट लवकर द्यायच्या आहेत, तेव्हा 'सराव करत राहा' छापाचे सल्ले नकोत. निळा का बसत नाही एवढंच सांगा.

कोराकागद
शाई तेलाची की पाण्याची? प्लेट कसली? प्रेस आहे की हाताने घासता? कागद ओला की कोरडा? दोन थरांमध्ये किती वेळ जातो?

निळावंती
शाई नेहमीचीच. प्रेस आहे.

कोराकागद
तुमची नेहमीची आम्हाला कशी कळणार, ताई? पाच प्रश्नांपैकी दीडाचं उत्तर आलं.

रंगीला
सरळ जेल प्लेट (मऊ, लवचिक जेलची) आणि ॲक्रिलिक रंग घ्या. थर काही मिनिटांत सुकतो, लगेच पुढचा द्यायचा. प्रेसची गरजच नाही. मी सगळे पक्षी असेच करतो.

जुनाप्रेसवाला
@रंगीला, ॲक्रिलिक कागदावर लवकर सुकतं तसं प्लेटवरही सुकतं. पंखांची पिसं कापडाने पुसून काढायला जो निवांत वेळ लागतो तो तेलाच्या शाईतच मिळतो. आणि नवख्या वाचकांसाठी: जेल प्लेट प्रेसखाली घालू नका, फाटेल.

रंगीला
प्रेसखाली घाला असं मी कुठे म्हटलंय? रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घातला की ॲक्रिलिकही थांबतं.

पाणवठा
प्रिंटमधलं मला काही कळत नाही, पण पक्षी कळतात. ज्या फोटोवरून काढताय त्यात खालची चोच नारिंगी आहे का? मग ती मादी. नराची चोच काळी असते. आणि खंड्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. म्हणून पाठीवरचा पट्टा झगझगीत, पंख मात्र हिरवट. एकाच निळ्यात तो पकडता यायचा नाही.

निळावंती
चोच नर-मादीची नाही, दुहेरी आहे हा प्रॉब्लेम आहे!! बरं, घ्या: तेलाची शाई, ॲक्रिलिक प्लास्टिकच्या शीटची प्लेट, जाड सुती कागद. पहिल्या थराला कागद भिजवते, मग प्रिंट सुकवते आणि पुढचे थर कोरड्यावर. सुकण्याचा प्रश्नच नाही, शाईत कोबाल्ट ड्रायर (शाई लवकर सुकवणारं द्रव्य) असतो. दुसऱ्या दिवशी नारिंगी कडक आणि चकचकीत होतो.

शाईखोर
ओल्यावर ओलं करा. पहिली शाई सगळ्यात घट्ट आणि चिकट, पुढची तिच्याहून मऊ. निळ्यात जवसाच्या तेलाचे एकदोन थेंब. उलट केलंत तर खालची शाईच उचकटून प्लेटवर येईल. सुकवायचं नाटकच नको.

जुनाप्रेसवाला
ओल्यावर ओलं तीन थर जाड दिले तर चिखल होतो. आणि इथे दुखणं वेगळं आहे, 'कडक आणि चकचकीत' वाचलं नाहीत का? कोबाल्ट ड्रायर शाईचा वरचा भाग आधी सुकवतो. जास्त पडला की थराला काचेसारखा पापुद्रा येतो आणि वरची शाई त्यावर धरत नाही. म्हणूनच निळा पातळ केला काय, घट्ट केला काय, फरक पडला नाही. खालच्या थरांत ड्रायर बंद करा, शाईचा थर पातळ लावा, पारदर्शक बेस (शाईत मिसळायचा बिनरंगाचा) वाढवा आणि नारिंगी पुरता कडक व्हायच्या आत निळा द्या. झालेल्या प्रिंटवर मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मऊ कापडाने हलकेच फिरवून झटका. थोडी पकड येते, पण आधी वाया गेलेल्या प्रिंटवर करून बघा.

कोराकागद
सरकण्याचं कारणही सापडलं. भिजलेला कागद पसरतो, सुकला की आकसतो, आणि दोन्ही दिशांना सारखा नाही. पिवळा पसरलेल्या कागदावर, निळा आकसलेल्यावर. चोच जुळणार कशी? सगळे थर कोरड्यावर घ्या, नाहीतर दरवेळी तितकाच ओलावा ठेवा. प्लेट पारदर्शक आहे, तर खाली प्लेटच्या आणि कागदाच्या कोपऱ्यांच्या खुणा असलेलं चित्र प्रेसच्या बेडला (सपाट फळीला) चिकटवा.

शाईखोर
ओल्यावर ओलंमध्ये खुणासुद्धा लागत नाहीत. प्लेटपेक्षा लांब कागद घ्यायचा, एक टोक प्रेसच्या रुळाखाली दाबलेलंच ठेवायचं, कागद रुळावर उलटवून प्लेट बदलायची. पण इथे माझं ऐकतंय कोण.

घारापुरी_घार
पक्षी प्रिंटमध्ये उलट्या दिशेला येतो हे लक्षात ठेवा.

निळावंती
ते माहीत आहे हो.

रेघोट्या
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. पाठीखाली नारिंगी हवाच कशाला? पारदर्शक निळा नीट बसला तरी नारिंगीवर मळकट तपकिरीच दिसणार, हे दोघे एकमेकांना मारतात. पातळ कागदाचा पाठ-पंखांचा साचा कापून नारिंगीच्या प्लेटवर ठेवा, तेवढा कागद कोरा राहील. पिवळा थोडा जाऊ द्या, पंखांना हवा तो हिरवटपणा त्यातूनच येईल. निळ्याची पहिली प्रिंट काढल्यावर प्लेटवर उरलेल्या शाईची फिकट दुसरी प्रिंटही काढा, टाकू नका. फ्रेंच चित्रकार एदगार देगा अशाच फिकट प्रिंटवर पेस्टल चढवायचा.

रंगीला
साचे जेल प्लेटवर फार छान चालतात, सांगून ठेवतो.

निळावंती
पाठीखाली नारिंगी उबेसाठी घालत होते. साचा ठेवून, कोरड्या कागदावर, ड्रायरशिवाय केलं. निळा सलग बसला, चोच एकच आली. शाईखोर, तुमचं रुळाचं नंतर बघेन. आता मानेजवळचा पांढरा डाग तिन्ही थरांत बुजतो. पांढरी शाई वर लावू?

रेघोट्या
नको, पांढरी वर बसवली की ती वेगळी चिकटवल्यासारखी दिसते. प्रत्येक प्लेटवर, प्रिंट काढायच्या आधी, कापसाच्या काडीने तेवढी जागा पुसा. कागदाचाच पांढरा राहू दे. खालच्या खुणांच्या चित्रात डागही काढून ठेवा, म्हणजे तिन्हीकडे एकाच जागी येईल.

पाणवठा
तो डाग कानामागे, मानेच्या बाजूला येतो, गळ्याचा पांढरा वेगळा. दोन्ही जोडू नका.