‘बिल आहे ना, मग चोरीची कशी?’ : जुनी सायकल घेणाऱ्यांनी वाचा

फ्रीव्हील: काल इथे एकाने सल्ला दिला : सेकंडहँड सायकल घेताना बिल बघा, बिल असलं की डोळे झाकून पैसे द्या. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला, म्हणून हे लांबलचक.

बिलावर असतं काय? मॉडेल, रंग, रक्कम. फ्रेम नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला त्या सायकलचा स्वतःचा नंबर, बहुतेक दुकानदार लिहीतच नाहीत. मग बिल याच सायकलचं की तसल्याच दुसरीचं, कसं ठरवणार?

सायकल उलटी करा. क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) एक्सल जातो त्या आडव्या नळीच्या पोटाला नंबर पंच केलेला असतो. तिथे नसेल तर हँडलखालची नळी, सीटची नळी, मागच्या चाकाची खाच. रॉकेलच्या बोळ्याने ग्रीस पुसा, खडू घासा, टॉर्च तिरका धरून फोटो काढा. वर चिकटवलेलं स्टिकर बऱ्याचदा मॉडेल कोडचं असतं, त्यावर समाधान मानू नका. नंबराच्या जागी गुळगुळीत, खोलगट चट्टा दिसला तर कानस फिरली आहे. तिथून निघा.

नवा रंग? सीटपोस्ट पूर्ण उपसून नळीच्या तोंडात बघा, मूळ रंग तिथे सापडतो. स्प्रे मारणारा केबलच्या आवरणावर आणि बाटलीच्या स्क्रूंवर शिंतोडे सोडतोच. मागच्या दांड्यांवर रिंग लॉकच्या क्लॅम्पचे ओरखडे आहेत, लॉक गायब आणि एक-दोन स्पोक वाकडे, तर का ते विचारा.

उलटापेडल: तो सल्ला माझाच. नंबर दिसला नाही की चोर? पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला रंग) जाड बसलं की पंच भरून जातो, मग खडूही चालत नाही. स्वस्त फ्रेमवर पंच मुळातच अर्धवट उमटलेला असतो. आणि बिल बघायचं म्हणजे वाचायचं, साहेब. १ जुलै २०१७ पासून सायकलवर १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. २०२३च्या बिलावर अडीच अधिक अडीच, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा मिळून ५ टक्के, दिसलं तर ते घरी छापलेलं. जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, लॉगिनशिवाय दुकानाचं नाव येतं. महाराष्ट्रातलं दुकान असेल तर नंबराची सुरुवात २७नेच, तो राज्याचा कोड.

हवापंप: २७नेच? ऑनलाइन मागवलेल्या सायकलचं बिल हरियाणाचं असेल तर ०६, कर्नाटकचं असेल तर २९, आणि कर एकत्र आयजीएसटीत, म्हणजे आंतरराज्य विक्रीच्या जीएसटीत. त्याला खोटं म्हणून परत पाठवणार का?

मडगार्ड: शिवाय गल्लीतला दुकानदार बऱ्याचदा कंपोझिशनमध्ये असतो, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत. त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, तो ‘बिल ऑफ सप्लाय’, म्हणजे कर न लावलेलं बिल देतो. त्यावर ना १२ ना ५. उलटापेडलच्या हिशेबाने अर्धी पेठ चोर. खरा राग दुकानदारांवर काढा. वॉरंटी कार्डावर फ्रेम नंबरचा रकाना असतो, तोही कोरा! पूर्वी नगरपालिका सायकल कर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायची, तेव्हा निदान काहीतरी नोंद असायची.

उलटापेडल: बिल्ला दोन स्क्रूंवर असायचा. काढला की संपलं. स्मरणरंजन दुसऱ्या धाग्यावर करा. कंपोझिशनचं मान्य, तेवढंच.

डचसायकल: नेदरलँड्समध्ये पोलिसांच्या ‘स्टॉप हेलिंग’ या ऑनलाइन शोधसेवेत फ्रेम नंबर टाकला की चोरीची नोंद आहे का ते दिसतं.

मडगार्ड: आला परदेश. आमच्याकडे टाकायचा कुठे, ते सांगा.

हवापंप: टाकायला जागा नाही म्हणून नंबर निरुपयोगी ठरत नाही. विकणाऱ्याकडून आधी व्हॉट्सॲपवर नंबराचा फोटो मागवा, मग त्याच्या घरीच जा, चौकात नाही. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की कळतं. पैसे यूपीआयने, म्हणजे नाव समोर येतं. साध्या कागदावर फ्रेम नंबर, मॉडेल, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. पाचशेच्या स्टॅम्प पेपरची गरज नाही. आधारची प्रत घेतलीत तर मास्क केलेली, शेवटचे चार आकडे पुरे.

उलटापेडल: एवढं करून सायकल चोरीची निघाली तर? मी प्रामाणिकपणे घेतली, माझीच राहणार.

फ्रीव्हील: नाही राहणार! माल विक्री कायदा १९३०, कलम २७ : विकणाऱ्याचाच हक्क नसेल तर साधारणपणे तुम्हालाही मिळत नाही. सायकल मुद्देमाल म्हणून जप्त होते, मूळ मालक कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (सांभाळायची हमी लिहून देऊन) नेतो, तुम्ही पैशांसाठी विकणाऱ्याच्या मागे फिरायचं. आणि चोरीचा माल घेणाऱ्याला शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहिता कलम ३१७(२)मध्ये ‘माहीत होतं’ एवढंच नाही, ‘तसं मानायला कारण होतं’ हेही आहे, कैद तीन वर्षांपर्यंत. पंचवीस हजारांची गिअरवाली चार हजारांत, रोख, रात्री पार्किंगमध्ये : हेच ते कारण. सह्यांचा कागद आणि यूपीआयची नोंद सायकल वाचवत नाही, तुम्हाला वाचवते.

उलटापेडल: वसतिगृहं मे-जूनमध्ये रिकामी होतात तेव्हा चांगल्या सायकली चार हजारांतच जातात. स्वस्त म्हणजे चोरीची हे गणित चुकीचं.

फ्रीव्हील: वसतिगृहातला मुलगा नंबराचा फोटो लगेच पाठवतो, कुलपाच्या दोन्ही किल्ल्याही देतो. किल्ल्यांचं मीच लिहायला विसरलो होतो.

उलटापेडल: बरं. खडू, टॉर्च, रॉकेल, किल्ल्या. जीएसटी मी तरीही बघणारच.

मडगार्ड: कंपोझिशनवाल्याचा कसा बघणार?