मदत हवी आहे : प्लूटोचा खरा रंग कोणता? (तातडीचे)

भांबावलेला बाबा :
न्यू होरायझन्स यानाने टिपलेली प्लूटोची दोन छायाचित्रे माझ्यासमोर आहेत. एकात निळसर, पिवळट आणि गडद तांबडे भाग वेगवेगळे उठून दिसतात, तर दुसऱ्यात सगळा गोल दुधाळ बदामी दिसतो. दोन्ही नासाचीच आहेत. खरे कोणते, एवढेच कृपया सांगावे. वेळ फार कमी आहे.

जुना निरीक्षक :
हे कशासाठी हवे आहे, ते आपण लिहिलेले नाही. लेखासोबत छापायचे असेल तर उत्तर वेगळे असेल, आणि भिंतीवर लावायचे असेल तर वेगळे.

छपाईवाला :
पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग यांत फरक पडणारच. छापण्यापूर्वी चित्र सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलून घ्या आणि चकचकीत कागद टाळा. वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

भांबावलेला बाबा :
मला काहीही छापायचे नाही. मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी कागदाच्या लगद्याचा गोळा केला आहे आणि तो शनिवारपर्यंत रंगवून व्हायला हवा. हे मी आधीच लिहायला हवे होते, पण मूळ प्रश्न तोच आहे.

जुना निरीक्षक :
मग बदामी चित्र घ्या. १४ जुलै २०१५ रोजी हे यान प्लूटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा त्यावरील रंगीत कॅमेऱ्याला निळी, तांबडी, अवरक्त आणि मिथेनसाठीची अशा चार गाळण्या (फिल्टर) होत्या, हिरवी नव्हतीच. जे भडक चित्र जगभर पोहोचले, त्यात अवरक्त प्रकाशाला तांबडा आणि तांबड्याला हिरवा रंग दिलेला आहे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दिसावी अशी ती मुद्दाम केलेली सोय आहे. डोळ्यांना दिसेल त्याच्या जवळ जाणारे चित्र २०१८ साली प्रसिद्ध झाले, ते तुमचे दुसरे असावे.

रंगपेटी :
मी याच्याशी सहमत नाही. प्रदर्शनात लोक दोन पावलांवरून पाहणार. बदामी गोळा म्हणजे त्यांना मोठा पेढा वाटेल. शिवाय प्लूटोवर सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या हजाराव्या हिश्शाइतकाच पोहोचतो, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या माणसाला रंग दिसणार तरी कुठून? मग भडक चित्राला खोटे म्हणण्यात काय अर्थ आहे?

जुना निरीक्षक :
हजारावा हिस्सा हासुद्धा पौर्णिमेच्या चांदण्याच्या शेकडो पट असतो. तेवढ्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येते आणि रंगही ओळखता येतात. भडक चित्राला मी खोटे म्हटलेले नाही. त्यातील रंगभेदावरून कुठे कोणता बर्फ आहे याचा अंदाज येतो, पण तो नकाशा झाला, रूप नव्हे.

नववा ग्रह :
२००६ साली प्लूटोचे ग्रहपद काढून घेतले, हाच मुळात अन्याय होता. त्याच वर्षी १९ जानेवारीला हे यान निघाले, तेव्हा तो ग्रहच होता.

भांबावलेला बाबा :
ग्रहपदाबद्दल कृपया वेगळा धागा काढावा. बदामी रंग मान्य आहे, पण विषुववृत्ताजवळचा तो काळसर तांबडा पट्टा कशाचा आहे? मुलीला परीक्षक तेच विचारतील.

प्रयोगशाळेतली :
तो थोलिनचा आहे. मिथेन आणि नायट्रोजन यांवर अतिनील किरण आणि वैश्विक किरण पडत राहिले की त्यांचे रेणू तुटून पुन्हा जुळतात आणि त्यातून जड, तांबूस तपकिरी, काहीसे डांबरासारखे मिश्रण तयार होते. ‘थोलिन’ हा शब्द कार्ल सेगन आणि बिशुन खरे या शास्त्रज्ञांनी १९७९ साली रूढ केला. हृदयाच्या आकाराच्या भागाचा डावा अर्धा, म्हणजे स्पुटनिक प्लॅनिशिया, उजळ दिसतो, कारण तिथला नायट्रोजनचा बर्फ सतत खालीवर घुसळत राहतो आणि पृष्ठभाग नवा होत जातो. त्यामुळे तिथे विवरे आढळलेली नाहीत. काळसर पट्टा मात्र जुना आहे आणि त्याच्यावर हे पुट साचत गेले आहे. रंगाचे म्हणाल तर पट्ट्यासाठी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडी काव मिसळा. नुसता काळा वापरू नका.

नववा ग्रह :
हे बिशुन खरे आपल्या महाराष्ट्रातले का?

प्रयोगशाळेतली :
नाही, त्यांचा जन्म वाराणसीचा.

रंगपेटी :
पट्ट्याचे पटले. हृदयाचा उजवा अर्धा तरी निळसर ठेवा, एवढीच विनंती.

प्रयोगशाळेतली :
ठेवू नये. तो निळा भडक चित्रातलाच आहे. खरोखर निळे दिसले ते वातावरणातील धुके, आणि तेही यान पुढे गेल्यावर मागे वळून, सूर्याच्या उजेडाविरुद्ध पाहिल्यावर. गोळ्याभोवती निळी कडा काढायची असेल तर हरकत नाही.

जुना निरीक्षक :
एक गोष्ट अजून कुणी विचारलेली नाही. आपण गोळा सगळ्या बाजूंनी रंगवत आहात का?

भांबावलेला बाबा :
अर्थातच. तो दोरीला टांगून फिरवायचा आहे.

जुना निरीक्षक :
मग अडचण आहे. जवळून दिसली ती एकच बाजू. प्लूटो स्वतःभोवती फिरायला सहा दिवसांहून थोडा अधिक वेळ घेतो, म्हणून पलीकडची बाजू काही दिवस आधी, लांबून आणि अंधूकच टिपता आली. दक्षिण ध्रुवाकडचा भाग तर तेव्हा दीर्घ रात्रीत होता. तिथला रंग कुणीही पाहिलेला नाही.

भांबावलेला बाबा :
म्हणजे खालचा भाग कोराच सोडू? लगद्यातून वर्तमानपत्राची अक्षरे दिसत आहेत.

प्रयोगशाळेतली :
त्यावर सपाट राखाडी रंगाचा हात द्या आणि ‘येथे रात्र होती’ असे मुलीला तिच्याच अक्षरात लिहू द्या. टांगताना तो भाग खाली येईल, एवढे मात्र पाहा.